ओब, येनिसेई, लेना: उत्तरेच्या महानद्यांचं पाणी तपासून प्लवकांचा अंदाज कसा बांधावा

आपल्याकडे प्लवकांचा, म्हणजे पाण्यात तरंगत जगणाऱ्या बारीक जीवांचा, अभ्यास बहुतेक जण तळ्यावर शिकतात. फॉस्फेट वाढलं की शेवाळ वाढतं, पाणी हिरवं होतं, मासे मरतात. एवढं सूत्र पाठ झालं की पोरं कुठल्याही पाण्याला तेच लावायला जातात. सैबेरियातल्या किंवा कॅनडातल्या मोठ्या नद्यांना ते लावलं की गणित फसतं. पोषकद्रव्यं मुबलक असूनही पाण्यात प्लवक नाममात्र, आणि काही आठवड्यांनी पोषकद्रव्यं कमी झालेली असताना डायटमची (सिलिकेचं कवच असलेल्या शैवालांची) रेलचेल, असं तिथे सर्रास दिसतं. पाण्यातलं रसायन कोणाला जगता येईल ते ठरवतं हे खरंच, पण त्या जीवाला वाढायला उजेड आणि सवड मिळते का, हे आधी बघावं लागतं. या लेखातल्या पायऱ्यांचा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे.

हे मार्गदर्शन वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र किंवा पर्यावरण शिकणाऱ्या नवख्यांसाठी आहे. पुण्यात किंवा नांदेडमध्ये बसून ओबचं पाणी हाताळता येत नाही, पण त्याची आकडेवारी फुकट मिळते. आर्क्टिक ग्रेट रिव्हर्स ऑब्झर्व्हेटरी या प्रकल्पाचं काम 2003 मध्ये सुरू झालं. ओब, येनिसेई, लेना, कोलिमा, युकॉन आणि मॅकेंझी या सहा नद्यांच्या पाण्याचे नमुने एकाच पद्धतीने घेऊन ते तक्ते सगळ्यांसाठी खुले ठेवले जातात. ओबचे नमुने सालेखार्डला, येनिसेईचे दुदिंकाला आणि लेनाचे झिगान्स्कला घेतले गेले. प्लवकांच्या याद्या मात्र शोधनिबंधांतून वेचाव्या लागतात, आणि त्यातले बरेच रशियनमध्ये आहेत. जातींची नावं लॅटिन असल्यामुळे तक्ते तरी वाचता येतात. एक स्प्रेडशीट उघडा आणि एकच नदी धरा. सहाही नद्या एकदम घेतल्या तर पहिल्याच आठवड्यात कंटाळाल.

पायरी 1: पाणी कुठल्या जमिनीवरून आलं ते लिहून काढा

नकाशा घ्या आणि पाणलोट क्षेत्रात कोणता खडक, किती दलदल, किती गोठलेली जमीन आहे हे चार ओळींत लिहा. पुढचं अर्धं रसायन इथेच उलगडतं.

ओबचा मधला आणि खालचा टापू म्हणजे पश्चिम सैबेरियाचं सपाट मैदान. वास्युगानसारख्या अफाट दलदली तिच्यात निथळतात, म्हणून पाणी तपकिरी असतं आणि त्यात कुजलेल्या वनस्पतींचं सेंद्रिय कार्बन व लोह भरपूर असतं. तिला मिळणारी इर्तिश मात्र गवताळ, कोरड्या प्रदेशातून येते आणि जास्त क्षार घेऊन येते. येनिसेईला अंगारा नदीतून बैकल सरोवराचं पाणी मिळतं. ते इतकं मऊ असतं की लिटरला विरघळलेले क्षार जेमतेम 100 मिलिग्रॅम भरतात. लेनाच्या खोऱ्यात चुनखडी आणि डोलोमाइट आहे, शिवाय जमिनीखाली मिठाचे थर आहेत. युरोपीय रशियातल्या उत्तर द्विनेच्या खोऱ्यात जिप्सम आहे, त्यामुळे तिच्या पाण्यात सल्फेट उठून दिसतं.

येनिसेईला उजवीकडून मिळणारी निझ्न्याया तुंगुस्का आपल्याला ओळखीची वाटावी अशी आहे. ती सैबेरियन ट्रॅप्सच्या बेसाल्टमधून वाहते. तो खडक सुमारे 25 कोटी वर्षांपूर्वीचा, आपला सह्याद्रीचा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. पण झिजताना दोन्ही पाण्याला तेच देतात: कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट आणि सिलिका. कृष्णा-गोदावरीच्या पाण्याचे तक्ते पाहिलेल्याला हा नमुना लगेच कळेल. फरक तापमानाचा आहे, कारण गारठ्यात खडक फार सावकाश झिजतो.

आता आकडे तपासा. मिलिग्रॅममधले आयन मिली-इक्विव्हॅलंटमध्ये आणा: कॅल्शियमला 20 ने भागा, मॅग्नेशियमला 12.2 ने, सोडियमला 23 ने, बायकार्बोनेटला 61 ने, सल्फेटला 48 ने, क्लोराइडला 35.5 ने. धन आणि ऋण बाजूंच्या बेरजा जवळपास सारख्या यायला हव्यात. दलदलीच्या पाण्यात ऋण बाजू कमी भरते. नवखे इथे प्रयोगशाळेला दोष देतात. खरं तर तिथे सेंद्रिय आम्लांचे ऋण आयन असतात आणि ते नेहमीच्या यादीत मोजलेले नसतात. ही तूट म्हणजे पाणी ह्यूमिक, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींच्या तपकिरी पदार्थांचं, असल्याची खूणच समजा.

पायरी 2: तारखेशेजारी विसर्ग (नदीतून सेकंदाला किती पाणी वाहतं ते) लिहा, मगच पुढे जा

सगळ्यात जास्त वेळ याच पायरीला द्या. आपल्या नद्यांना पावसाळा असतो, तसा या नद्यांना बर्फ फुटण्याचा मोसम असतो. खालच्या टप्प्यात मेअखेर किंवा जूनमध्ये बर्फ फुटतो आणि काही दिवसांत नदीचं रूप पालटतं. लेनाच्या वर्षभराच्या पाण्यापैकी साधारण तिसरा हिस्सा एकट्या जूनमध्ये समुद्राला मिळतो. हिवाळ्यात तीच नदी जाड बर्फाखाली अगदी थोडं पाणी वाहते, आणि तेही बरंचसं खोल झऱ्यांचं, कारण वरची जमीन गोठलेली असते.

त्यामुळे ‘लेनाच्या पाण्यात क्लोराइड किती?’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. एप्रिलमध्ये खारट झऱ्यांचा वाटा मोठा, म्हणून सोडियम आणि क्लोराइड चढलेले. जूनमध्ये बर्फाचं पाणी त्यात ओतलं जातं आणि तेच आकडे घसरतात. स्प्रेडशीटवर आडव्या अक्षावर विसर्ग आणि उभ्या अक्षावर क्लोराइड टाका. ठिपके उजवीकडे उतरत जातील. मग क्लोराइडच्या जागी विरघळलेलं सेंद्रिय कार्बन टाका. या वेळी ठिपके वर चढतील, कारण पुराचं पाणी जमिनीचा वरचा कुजट थर धुऊन आणतं. पहिला नमुना पातळ होण्याचा, दुसरा धुऊन येण्याचा. प्रत्येक घटकाचा असा एकेक आलेख काढा आणि तो कोणत्या गटात जातो ते नोंदवा. वार्षिक सरासरी काढून मोकळं होण्याचा मोह आवरा. या नद्यांमध्ये सरासरीचं पाणी वर्षातले फार थोडे दिवस वाहतं.

प्लवकांशी याचा संबंध असा. जूनचं पाणी वेगवान, थंड, गढूळ आणि तपकिरी असतं. त्यात पोषकद्रव्यं असली तरी पेशी दुप्पट व्हायच्या आत शेकडो किलोमीटर पुढे वाहून गेलेली असते. या काळात जाळीत जे सापडतं, त्यात दगडांवरून आणि काठावरून सुटलेले नॅविक्युला, निट्झशिया यांसारखे तळाचे डायटम बरेच असतात. त्यांना नदीचे प्लवक म्हणून मोजलं तर ‘पुरात विविधता वाढते’ असा भलताच निष्कर्ष निघतो. याद्या वाचताना तळाचे आणि खरे तरंगणारे, असे दोन रकाने करा.

प्राणी-प्लवकांनाही हीच सवडीची मोजपट्टी लावा. रोटिफर या अगदी बारीक प्राण्यांची पिढी काही दिवसांत पुरी होते, पाणपिसवांना (डॅफ्नियासारख्या छोट्या कवचधारी प्राण्यांना) त्याहून जास्त वेळ लागतो आणि कोपेपॉड या दुसऱ्या छोट्या कवचधारी गटाला अंड्यापासून प्रौढ व्हायला कित्येक आठवडे लागू शकतात. म्हणून मोठ्या नदीच्या मुख्य प्रवाहात केराटेला, सिंकीटा, पॉलिआर्थ्रा हे रोटिफर बहुसंख्य असतात. डॅफ्निया किंवा मोठे कोपेपॉड भरपूर दिसले, तर वरच्या अंगाला धरण, सरोवर किंवा पूरमैदानातली तळी आहेत का ते आधी पाहा. बहुतेक वेळा असतात.

पायरी 3: उजेड किती खोल जातो?

उजेड दोन गोष्टी अडवतात, गाळ आणि रंग. दोन्ही वेगवेगळे धरा. मॅकेंझी पहिल्याचं उत्तम उदाहरण आहे. ग्रेट स्लेव्ह सरोवरातून निघताना तिचं पाणी स्वच्छ असतं, कारण गाळ सरोवरात बसलेला असतो. फोर्ट सिम्पसनला लियार्ड नदी डोंगरातला गाळ घेऊन मिळते आणि पुढे बऱ्याच अंतरापर्यंत एका काठाला गढूळ, दुसऱ्या काठाला नितळ, असे दोन प्रवाह न मिसळता शेजारी वाहतात. तिथे एकाच काठावरून बाटली भरली तर तुम्ही अर्धीच नदी पाहिलीत. शोधनिबंधात नमुने पात्राच्या आडव्या रेषेत किती ठिकाणी घेतले, हे नेहमी शोधा. तो तपशील दिलेला नसेल तर आकड्यांवर फार विसंबू नका.

ओबमध्ये अडचण रंगाची आहे. तिच्यात विरघळलेलं सेंद्रिय कार्बन लिटरला सरासरी 10 मिलिग्रॅमच्या घरात असतं, मॅकेंझीत त्याच्या साधारण निम्मं. हे तपकिरी पदार्थ निळा प्रकाश आधी शोषतात आणि खोल जाणारा उजेड लालसर होतो. अशा मंद उजेडात चाबकासारख्या शेपट्यांनी वरखाली होऊ शकणारे क्रिप्टोमोनास तग धरतात. डायनोब्रायॉनसारखे सोनेरी शैवाल तर प्रकाशसंश्लेषणाच्या जोडीला जिवाणूही खातात. तपकिरी पाण्यात ही नावं आली तर गडबडू नका.

पायरी 4: सिलिका, नायट्रोजन, फॉस्फरस. आणि त्याआधी एककं

आता कुठे पोषकद्रव्यांकडे यायचं. पण तक्त्यातला आकडा कशाचा आहे हे वाचल्याशिवाय एकही गुणोत्तर काढू नका. समजा एका नमुन्यात सिलिका 6 आहे, नायट्रेट 0.14 आणि फॉस्फेट 0.0155, सगळं लिटरला मिलिग्रॅममध्ये. सिलिका ‘सिलिकॉन डायऑक्साइड म्हणून’ दिली असेल तर 60 ने भागून (आणि मायक्रोमोलसाठी 1000 ने गुणून, पुढेही तसंच) 100 मायक्रोमोल येतात. नायट्रेट ‘नायट्रोजन म्हणून’ असेल तर 14 ने भागून 10, आणि फॉस्फेट ‘फॉस्फरस म्हणून’ असेल तर 31 ने भागून 0.5. म्हणजे नायट्रोजन फॉस्फरसच्या 20 पट. रेडफिल्डच्या 16 पटीच्या नेहमीच्या मापाशी (प्लवकांना सरासरी लागणारं नायट्रोजन-फॉस्फरस प्रमाण) ताडलं तर किंचित तंगी फॉस्फरसची आहे. तोच 0.14 हा आकडा चुकून ‘नायट्रेट म्हणून’ धरला आणि 62 ने भागला, तर नायट्रोजन सव्वादोन मायक्रोमोलवर येतं, गुणोत्तर साडेचारवर, आणि तंगी थेट नायट्रोजनची दिसू लागते. नदी तीच, निष्कर्ष उलटा.

याच नमुन्यात सिलिका नायट्रोजनच्या 10 पट आहे. डायटमना दोन्ही साधारण सारख्या प्रमाणात लागतात, म्हणजे कवच बांधायला माल भरपूर आहे. उत्तरेच्या नद्यांत बहुधा असंच चित्र असतं, आणि जुलै-ऑगस्टमध्ये पाणी निवळलं की ऑलॅकोसायरा, अ‍ॅस्टेरिओनेला, स्टेफॅनोडिस्कस, सायक्लोटेला हे डायटम पुढे येतात. सूक्ष्मदर्शकाखाली ऑलॅकोसायरा चटकन ओळखता येते: एकापुढे एक जोडलेले नळकांड्यांसारखे पेशींचे तुकडे, भिंती जाड, आणि त्यांवर बारीक छिद्रांच्या रांगा. एवढं जड कवच घेऊन ती स्थिर पाण्यात तळाला जाते. खळबळत्या नदीत प्रवाहच तिला वर धरून ठेवतो, म्हणून जिथे नाजूक शैवालांना त्रास होतो तिथे हिचं फावतं.

डायटममध्ये आपसांत कोण जिंकेल, हेही रसायन सांगतं. डेव्हिड टिलमन यांनी 1977 मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग यासाठी प्रत्येकाने वाचावेत. अ‍ॅस्टेरिओनेला फॉर्मोसा आणि सायक्लोटेला मेनेघिनियाना यांना एकत्र वाढवलं, तर फॉस्फेट तुटपुंजं असताना अ‍ॅस्टेरिओनेला वरचढ ठरते आणि सिलिका तुटपुंजी असताना सायक्लोटेला. प्रयोग काचेच्या भांड्यातला आहे, नदी काही इतकी आज्ञाधारक नसते. तरी यादीत एकीचं प्रमाण दुसरीच्या तुलनेत चढलेलं दिसलं की आधी सिलिका-फॉस्फरस गुणोत्तर पाहायची सवय लागते, आणि ती उपयोगी आहे.

तपकिरी पाण्यात आणखी एक फसवणूक असते. एकूण फॉस्फरस चढा दिसतो, पण त्यातला बराचसा लोहाच्या कणांना चिकटलेला असतो आणि शैवालाच्या हाती लागत नाही. विरघळलेलं फॉस्फेट वेगळं दिलं असेल तर तेच घ्या. आणि ते मॉलिब्डेनम-निळ्या पद्धतीने (निळ्या रंगाच्या गडदपणावरून फॉस्फेट मोजण्याची पद्धत) काढलं असेल, तर पाण्याच्या मूळ रंगासाठी वेगळा ब्लँक, म्हणजे तो रंग वजा करायचा तुलनेचा नमुना, लावला होता का, तेही बघा.

पायरी 5: कॅल्शियम आणि पीएच

यावर फार वेळ नको. पाणपिसवा दर कात टाकताना कॅल्शियम गमावतात. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम उतरलं की डॅफ्नियाच्या बऱ्याच जातींना जड जातं. मोठ्या नद्यांचा मुख्य प्रवाह सहसा एवढा खाली जात नाही, दलदलीतले ओढे जातात. तिथे डॅफ्नियाऐवजी जेलीचं आवरण असणारा होलोपीडियम हा पाणपिसू दिसू शकतो. पीएच चढला की पाण्यातला मुक्त कार्बन डायऑक्साइड घटतो आणि बायकार्बोनेट वापरू शकणाऱ्या नील-हरित शैवालांचं फावतं. सोनेरी शैवालांना मऊ, किंचित आम्ल पाणी मानवतं.

पायरी 6: हिवाळा सोडू नका

उन्हाळ्याचेच तक्ते वाचून थांबणारे ओबचा अर्धा स्वभाव चुकवतात. तिथे स्थानिक लोक ज्याला ‘झामोर’ म्हणतात, ते दर हिवाळ्यात घडतं. शून्य अंशाच्या ताज्या पाण्यात लिटरला 14.6 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, म्हणजे सुरुवात चांगली असते. पण बर्फाचं झाकण बसलं की हवेतून नवा ऑक्सिजन मिळत नाही. वर बर्फ साचल्याने उजेड नाही, म्हणून शैवालही तो देत नाहीत. खालून दलदलीचं आणि भूजलाचं पाणी येत राहतं, त्यातलं विरघळलेलं लोह ऑक्सिजनशी संयोग पावतं आणि सेंद्रिय पदार्थ जिवाणूंकरवी आणखी ऑक्सिजन खातात. हिवाळा सरकत जातो तसा खालच्या ओबचा मोठा टप्पा माशांना जगता येणार नाही इतका कोरडा पडतो, म्हणजे पाणी असतं पण त्यात श्वास नसतो. मासे ओबच्या आखाताकडे उतरतात किंवा जिथे ताजं पाणी फुटतं त्या झऱ्यांपाशी गर्दी करतात.

प्लवक पोहून जाऊ शकत नाहीत. रोटिफर आणि पाणपिसवा आधीच टणक विश्रांती-अंडी घालून ठेवतात, काही सायक्लॉप्स (एक प्रकारचे कोपेपॉड) अर्धवट वाढलेल्या अवस्थेत गाळात निजून राहतात. वसंतात पुराचं पाणी पूरमैदानातल्या उथळ खोलगटांत शिरतं. खालच्या ओबवर त्यांना ‘सोर’ म्हणतात. तिथे पाणी थांबतं, उन्हाने तापतं, गाळ बसतो, अंडी फुटतात, आणि पेल्याद नावाचा प्लवक खाणारा मासा उन्हाळाभर तिथे चरतो. तुमच्या तक्त्यात ऑगस्टमधले पाणपिसू मुख्य प्रवाहाच्या रसायनाशी जुळत नसतील, तर ते सोरांतून ओसरत्या पाण्याबरोबर आलेले असण्याची शक्यता मोठी.

पायरी 7: मध्ये धरण आहे का, आणि शेवटी समुद्र कुठे आहे

क्रास्नोयार्स्कच्या धरणातून येनिसेईत खोलातलं पाणी सोडलं जातं. ते हिवाळ्यात सभोवतालच्या मानाने उबदार असतं, म्हणून धरणाखाली शंभराहून जास्त किलोमीटर नदी गोठत नाही, आणि उन्हाळ्यात ते बोचरं गार असतं. शिवाय जलाशयात डायटम वाढून तळाशी बसले की त्यांच्या कवचांबरोबर सिलिकाही अडकते. धरणाच्या वरचा आणि खालचा नमुना एका रकान्यात कधीच घालू नका.

मुखाशी पुन्हा नवा डाव सुरू होतो. वर्षाला सुमारे 600 घन किलोमीटर पाणी घेऊन येनिसेई कारा समुद्राला मिळते. क्षारता थोडीशी चढली की ह्यूमिक पदार्थ आणि लोह गोळा होऊन खाली बसू लागतात आणि पाणी निवळतं. गोड्या पाण्यातली शैवालं खारटपणाने मरतात. या मधल्या पट्ट्यात लिम्नोकॅलॅनस मॅक्रुरस हा कोपेपॉड भरभरून सापडतो, तो ओब आणि येनिसेई दोन्हींच्या मुखांतला नेहमीचा रहिवासी. इथे वाहकता (क्षारांमुळे पाण्यातून वीज किती सहज वाहते) हा एकच आकडा बाकी सगळ्यांपेक्षा जास्त सांगतो.

हात बसवायला जवळची नदी

दुसऱ्यांचे आकडे पारखायचे तर स्वतः एकदा नमुना घ्यावा. मुळा, पंचगंगा, वैनगंगा, कुठलीही चालेल. सिलिकासाठी प्लॅस्टिकची बाटली वापरा, काचेतून सिलिका पाण्यात उतरते. तो नमुना गोठवूही नका, सिलिकेच्या साखळ्या होऊन आकडा कमी येऊ शकतो. विरघळलेल्या पोषकद्रव्यांसाठी पाणी काठावरच 0.45 मायक्रॉनच्या गाळणीतून काढा. वनस्पती-प्लवकांसाठी न गाळलेलं पाणी घ्या आणि कोऱ्या चहाचा रंग येईपर्यंत त्यात ल्युगॉल (पेशी टिकवणारं आयोडीनचं द्रावण) घाला. 20 मायक्रॉनची जाळी मोठ्या जाती ओळखायला उत्तम, पण मोजणीला नको, कारण लहान पेशी तिच्यातून निसटतात. शोधनिबंधात मोजणी जाळीच्या नमुन्यावरून केलेली असेल, तर तिथे क्रिप्टोमोनास कमी का, हे वेगळं विचारायला नको.

पायरी 8: आधी अंदाज, मग यादी

पहिल्या सात पायऱ्या झाल्यावर, प्लवकांची यादी उघडण्यापूर्वी, एका परिच्छेदात लिहा: या तारखेला या ठिकाणी कोणते गट पुढे असतील आणि का. मग यादी उघडा. अंदाज चुकला तर आधी विसर्ग पाहा, नमुना पुराच्या चढत्या बाजूचा आहे की उतरत्या. नंतर वरच्या अंगाला तळी, सोर किंवा जलाशय आहेत का ते बघा. त्यानंतर एककं आणि जाळीचं माप. एवढं तपासूनही मेळ बसला नाही, तरच पोषकद्रव्यांवर नवा सिद्धांत मांडायला बसा, आणि त्याच नदीचं दुसरं वर्ष हाताशी घेऊनच.